टेपचं दुसरं टोक

आमच्या खालापुरात कुणी मोजायचा टेप काढला की कुणाची तरी जमीन जातेच. रस्ता, रेल्वे, गोदाम, सगळ्याची सुरुवात त्या टेपनेच होते. त्यामुळे आमच्या शेताजवळच्या वळणावर दोन अनोळखी माणसं रस्त्याची रुंदी आणि बांबूने विजेच्या तारांची उंची मोजताना दिसली, तेव्हा मी आणि माझे काका तडक बांधावर गेलो.

“कोन तुमी? काय मोजताय?” काकांनी दरडावलं.

ते म्हणाले, बंदरावरून कारखान्याचा बॉयलर यायचाय. साध्या कंटेनरात मावत नाही, म्हणून बिनछपराच्या, बाजू उघड्या असलेल्या कंटेनरवर बांधून आणणार. वळणावर अडकायला नको, म्हणून आधी मापं.

“छप्पर नाय, बाजू नाय, मग कंटेनर कसला रं?” काका मला म्हणाले. मलाही ती शुद्ध थाप वाटली. पाणीसुद्धा न विचारता आम्ही त्यांना हाकललं.

आठवड्याभराने खरंच आलं ते धूड. खाली लोखंडी फलाट, दोन टोकांना दोन भिंती, मधे साखळ्यांनी जखडलेला बॉयलर. मुंगीच्या पावलांनी, आमच्या बांधाला न शिवता वळून गेलं. काका खजील झाले.

पुढे पावसाळा सरल्यावर टेप घेऊन तिघं आले. “परत बॉयलर का?” मी विचारलं. ते नुसते हसले. या वेळी आम्ही त्यांना पडवीत बसवून चहा पाजला.

आज आमच्या भातखाचराच्या मधोमध नव्या रस्त्याच्या हद्दीचा दगड उभा आहे. त्या दिवशी टेपचं दुसरं टोक काकांनीच धरलं होतं.