यशवंतरावांचा उंबरा

कोणाच्या घरी भाजी करपली हे मला गॅस बंद व्हायच्या आधी कळतं, असं आमच्या रायपूरच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, म्हणतात. माझी बायको संपदा जरा वाईट शब्दांत म्हणते. पण शेजारच्या यशवंतरावांच्या बाबतीत मी साफ फसलो. त्यांची गोष्ट मला कळली ती त्यांच्या बरोबरच, एकाच दारात उभं राहून.

यशवंतराव मूळचे यवतमाळकडचे, ख्रिस्ती. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावतात. मी विचारतो, "काका, फाशी कोणाले देऊन राहिले?" ते म्हणतात, "तुले द्याची होती रत्नाकर, दोरी पुरली नाई."

रविवारी सगळ्यांच्या आधी ते पॅरिश हॉलवर पोहोचतात. मंडळीचं जुनं दगडी चर्च भेगाळलं तेव्हा ते पाडलं, आणि निघालेल्या मालातून हा हॉल बांधला. सागाच्या तुळया त्याच, कमानीच्या खिडक्या त्याच. घंटाही तीच, फक्त आता ती सायकल स्टँडवर लोंबते. नव्या रायपुरातले साहेबलोक कधीमधी कॅमेरे घेऊन जुन्या वास्तू पाहायला येतात, तेव्हा यशवंतराव त्यांना सगळं दाखवतात आणि शेवटी दाराशी नेऊन उभं करतात.

"हा उंबरा. जुन्या चर्चचा. उलटा बसवला हाय."

या उंबऱ्याची त्यांच्या मंडळीत एक रीत होती. कोणी वारलं की चर्चमधून शवपेटी बाहेर काढताना ती घडीभर उंबऱ्यावर टेकवायची. घरच्यांनी तिला हात लावायचा, मगच उचलायची. पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी दगडाला मधोमध पळीसारखा खड्डा पडला होता, कडेला जुन्या अडसराचं भोक होतं. यशवंतरावांच्या बायकोची, इंदूकाकूंची, पेटी तिथे टेकवली त्या दिवशी मीही गेलो होतो. त्याच खड्ड्यात माझा पाय मुरगळला आणि रडायच्या जागी मी कळवळत होतो. काकूंना हे पाहून हसू आलं असतं. यशवंतराव मात्र त्या दगडावर हात ठेवून बराच वेळ बसले होते. "आपलीही पेटी इथंच," एवढंच बोलले.

म्हणून चर्च पाडायचं ठरलं तेव्हा सगळी मंडळी एकीकडे आणि हे एकटे दुसरीकडे. पाळकांना ठराव एकमताने हवा होता; त्यांनी समजावलं, हे ऐकेनात. शेवटी अनंतराव आले. मंडळीचे सेक्रेटरी, कारखान्यातले सोबती, रोजचे कॅरमचे भिडू. "यशवंता, उंबरा नव्या हॉलच्या दारात बसवतो. माझा शब्द." त्या शब्दावर यशवंतरावांनी ठरावाला हात वर केला आणि चर्च पडलं.

हॉल झाला, पण उंबरा सपाट दिसला. अनंतराव म्हणाले, "खड्ड्यात लोक ठेचकाळतीन, म्हणून उलटा बसवला. खड्डा खाली हाय." यशवंतरावांना ते पटलं. दर रविवारी ते तो दगड ओल्या फडक्याने पुसायचे. मी चिडवायचो, "काका, खालची बाजू कोण पुसते?" ते म्हणायचे, "ते इंदू पाहून घेईन."

या वर्षी अनंतरावांनी तेलीबांध्याकडे बंगला बांधला. घराच्या प्रार्थनेचं आमंत्रण आलं. मी यशवंतरावांना स्कूटरवर मागे बसवलं. वाटेत त्यांनी भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ घेतलं आणि "अनंता वेळेवर कधी आलाच नाई" म्हणून स्वतःच हसले.

बंगल्याच्या दारात काळ्या दगडाचा उंबरा होता. त्यात पळीसारखा खड्डा. नुकतंच अंगण धुतलं होतं, खड्ड्यात पाणी साचलं होतं. मला आधी वाटलं, असे दगड असतीलही दोन. मग कडेला तेच अडसराचं भोक दिसलं आणि माझा पाय आपोआप मुरगळल्यासारखा झाला.

यशवंतराव थांबले. खाली वाकले. बोट त्या भोकात घातलं.

"या या, यशवंतभाऊ!" अनंतरावांच्या पत्नी, नीलिमाताई, केकची ताटली घेऊन आल्या. मागून अनंतराव. त्यांनी यशवंतरावांचं बोट पाहिलं आणि तिथेच उभे राहिले.

"हा इथं काहून हाय, अनंता?"

"अरे... वाया जाऊन राहिला होता. हॉलमध्ये कोणी ठेवू देला नसता. आठवण म्हणून आणला."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

अनंतराव इकडेतिकडे पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "सांगितलं असतं तर तू पाडू देलं असतं का?"

मी आयुष्यात फार भांडणं ऐकली आहेत, निम्मी मीच लावली आहेत. पण इतक्या हळू आवाजातलं हे पहिलंच. यशवंतरावांनी खिशातून रुमाल काढला, खड्ड्यातलं पाणी टिपलं, रुमाल पिळला, पुन्हा टिपलं. मग उठले.

"उद्याच हॉलवर बसवतो, यशवंता. माणसं लावतो."

"नको. तिथं तुझा दगड हाय, तो राहू दे. म्या इतक्या लोकायले दाखवला तो." त्यांनी घड्याळ नीलिमाताईंच्या हातात दिलं. "माझी पेटी इथंच येईन. दार उघडं ठेवजो."

उंबरा न ओलांडता ते वळले. मला केक मिळाला नाही, हे संपदाला मी घरी सांगितलं आणि पहिल्यांदाच ती हसली नाही.

तेव्हापासून अनंतरावांच्या घरचे स्वयंपाकघराच्या दाराने येतात-जातात. नीलिमाताईंनी उंबऱ्यावर कुंड्या मांडल्या आहेत. यशवंतराव हॉलवर जातात, झाडतात, पण दाराचा दगड पुसत नाहीत. पाहुण्यांना खिडक्या दाखवतात आणि तिथूनच निरोप देतात. कॅरमबोर्ड त्यांच्या खाटेखाली गेला आहे.

परवा कुंपणावरून मला हाक आली. "रत्नाकर, तेलीबांध्याकडे जाशीन त अनंताले सांगजो, यशवंतले लय खोकला झाला."

"झाला का?"

"नाई. पण सांगजो."

असलं काम मला सांगावं लागत नाही. दुसऱ्याच दिवशी सांगून आलो. यशवंतराव फाटकातच उभे होते.

"सांगितलं?"

"सांगितलं. त्यांनी उंबऱ्यावरच्या कुंड्यांकडे पाहिलं. मग स्वतःच एकेक कुंडी उचलून बाजूला ठेवली."

ते खुदकन हसले. गळ्याचं बटण चाचपलं. मग दुसरीकडे पाहत, "भेटाले येतो म्हणाला का?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला मीठमसाला असतो. त्या वेळी नव्हता.

"नाही काका."

"हव," ते म्हणाले आणि फाटक लावून आत गेले.