इंदूला शिकवलेला नियम

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, शाळेतल्या मैत्रिणींजवळ नाही, देवाजवळही नाही. देवासमोर मी घाईत हात जोडते आणि चपला घालते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? ओळखत असाल तर चांगली बाई म्हणूनच ओळखत असाल. विधवा जावेला घरात ठेवून घेतलं, कधी तोडून बोलली नाही, तिच्या अंगावर धड लुगडं असतं — मुलुंडात माझ्याविषयी असंच बोलतात.

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. चांगलं शिकवते, इथे खोटा विनय नको. इंग्रजीत काही क्रियापदांच्या मागे एक छोटा शब्द येतो आणि अर्थच बदलतो. नुसतं 'लुक' म्हणजे पाहणं, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. वाक्य कर्मणी करायला दिलं, की मुली हमखास तो छोटा शब्द गाळतात. मग मी फळ्यावर बैल काढते. बैल इकडचा तिकडे वळवला म्हणून त्याचं शेपूट गळून पडतं का गं? वर्ग हसतो, आणि पुन्हा ती चूक करत नाही. दरवर्षी तोच बैल.

तेव्हा हा नियम मला पक्का ठाऊक होता. आधीच सांगून ठेवते — नंतर कुणी म्हणायला नको, की बाईंची नजरचूक झाली असेल.

इंदू माझी धाकटी जाऊ. दीर टायफॉइडने गेला आणि ती आमच्याकडे आली. तिची बेबी तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. बेबीला देवगडकडे मामाच्या घरी ठेवायचं ठरलं, कारण आमच्या दोन खोल्यांत आणखी एक मूल कुठे मावणार? कुणी ठरवलं? ठरलं.

इंदू येण्याआधी माझ्या घराचं काय चाललं होतं, ते मलाच माहीत. धाकट्याला दमा. शालू शाळेतून येऊन शेजारणीच्या दारात बसायची. हे रोज म्हणायचे, "सोड ती शाळा." इंदू आली आणि ह्यांचं ते म्हणणं बंद झालं. डबा वेळेवर, पोरं न्हाऊमाखू घातलेली, रात्री धाकट्याची छाती शेकायला कुणीतरी जागं. मी शाळेत फळ्यावर बैल काढत उभी राहू शकत होते, ती इंदू होती म्हणून. हे मला कळत नव्हतं असं समजू नका. फार चांगलं कळत होतं.

इंदू मॅट्रिक होती. भांडुपच्या एका कारखान्याच्या ऑफिसात बायका घ्यायला लागले, हे तिला बाजारात कळलं आणि ती पिशवीसकट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "वहिनी, माझं इंग्रजी घासून द्याल? नोकरी लागली तर तिथेच एक खोली बघीन. बेबीला आणीन."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? चांगली बाई ना मी.

आमच्या चित्रकलेच्या बाईंची बहीण त्या ऑफिसात होती. तिच्याकडून मला समजलं, की साहेब परीक्षेत पत्रांतली वाक्यं देतो आणि कर्मणी करायला सांगतो. ऑफिसच्या पत्रात मी केलं, मी चुकलो, असं कुणी लिहीत नाही. म्हणजे कुठे नेम धरायचा, हे मला घरबसल्या कळलं होतं. पण तेव्हा मी नेम धरला नव्हता. खरंच नव्हता का? आता सांगता येत नाही.

रविवारची दुपार होती. इंदू गवार मोडत बसली होती, धाकटा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला. मी तिला त्या छोट्या शब्दाचं सांगितलं — हे क्रियापदाचं शेपूट. ती खुदकन हसली. हसली की तिचं माहेर तोंडात यायचं. "म्हणजे गोरो साहेब गेलो, पण शेपूट ठेवन गेलो!"

मग मी वाक्य कर्मणी करून दाखवलं. 'लुक्ड आफ्टर बाय' — मूल, सांभाळलं गेलं, काकूकडून. तिने ते दोनदा पुटपुटलं. "'आफ्टर बाय'? दोन छोटे शब्द असे एकाला एक लागून? वहिनी, कानाला कसंतरीच वाटतं. त्यातला एक जात असेल ना?"

मी धाकट्याकडे पाहिलं. त्याचा श्वास नीट चालला होता.

"जातो," मी म्हटलं. "पहिला जातो. शेपूट गळतं."

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की खोटं तिनेच सुचवलं, मी नुसती मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करता आलं नसतं? मी काय केलं? तसलीच आणखी वाक्यं दिली. कुणाला हसणं, कुणाला बोलावून घेणं, काम पुढे ढकलणं — सगळी शेपटांची. तिने सगळी शेपटं कापली आणि मी प्रत्येक वाक्यापुढे बरोबरची खूण केली. वर्गातल्या कुठल्याच मुलीवर मी इतकी मेहनत घेतली नव्हती.

परीक्षा देऊन आली ती पोरांसाठी चिक्की घेऊन. पदर खोचत म्हणाली, "एकूण एक शेपूट कापून आले, वहिनी!" पोरं तिच्याभोवती नाचली. मीही हसले.

आठवड्याने चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या जावेचं अक्षर मोत्यासारखं, पत्रही उत्तम. पण वाक्यांत एकच चूक शेवटपर्यंत. साहेब म्हणाला, हिला कुणीतरी शिकवलंयच असं." मी म्हटलं, "हो का?" घरी येऊन इंदूला सांगितलं, की जागा ओळखीपाळखीने भरल्या. तिने ऐकून घेतलं आणि कुकर नव्हता तेव्हा आमच्याकडे, म्हणून शेगडीवरच्या डाळीत पाणी घालायला उठली. पुन्हा तिने अर्ज केला नाही. मी कर म्हटलं नाही.

बेबी दर मे महिन्यात येते. मामाच्या मुलांत वाढली. ती मुलं इंदूला आत्या म्हणतात, म्हणून तीही आत्या म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा इंदू तिची वेणी घालत होती. "आई म्हण," असं तिने एकदाच सांगितलं. पोरगी लाजली. परत आत्याच म्हणाली. माझी दोघं हसली. मी त्यांना गप्प केलं — तेवढं केलं.

गेल्या वर्षी शालू माझ्याच वर्गात आली. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून मोठ्याने घोकत होती. मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होते. "बैल वळला तरी शेपूट बैलालाच. लुक्ड आफ्टर बाय."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"परत म्हण बघू," इंदू म्हणाली.

शालूने परत म्हटलं.

"कोणी शिकवलं?"

"कोणी म्हणजे? आईने. सगळ्या वर्गाला तेच शिकवते ती. तुला नव्हतं शिकवलं, काकू?"

मी पेन हातात धरून बसले होते. उठून आत जाणं पाच पावलांचं काम होतं. मी गेले नाही.

"शिकवलं होतं ना," इंदू म्हणाली. "माझ्याच ध्यानात राहिलं नाही. आईचं कधी चुकतं का?" आणि भाकरी तव्यावर टाकल्याचा आवाज आला.

तिने मला काही विचारलं नाही. आजही डबा वेळेवर असतो. धाकट्याची छाती ती अजून शेकते. फक्त त्या दिवसापासून ती मला वहिनी म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. माझ्याशी बोलायचं झालं, तर दाराशी येते आणि चौकटीकडे बघून बोलते.

आत्ताही आली आहे.

"वाढलंय," म्हणाली.

मी उठते. हात धुते. पानावर बसते.