तीन पायांचा कावळा

जपानातल्या कुमानोच्या डोंगरावर, देवळाच्या पायऱ्या चढून मी अंगणातल्या बाकावर बसते. माझी लेक कुंदा चहा आणायला जाते. ऊन कोवळं आहे, झाडं लाल-पिवळी झाली आहेत. समोरच्या निशाणावर तीन पायांचा कावळा आहे. इथे तो देवाचा दूत. त्याच्याकडे बघता बघता डोळे जड होतात.

"सरक की जरा."

शेजारी हे आहेत, कुंदाचे वडील. हमालीचा सदरा, खांद्यावर हळदीची धूळ. यांना जाऊन किती वर्षं झाली, ते मला आत्ता आठवत नाही.

"एवढ्या पायऱ्या चढलात? गुडघे?"

"आता कसले गुडघे!"

बाक सांगलीच्या घाटावर आहे. देवळाचं छप्पर कृष्णेच्या पाण्यात हलतंय. यांच्या दहाव्याचा पिंड पानावर तसाच आहे, कावळा शिवत नाही. दीर म्हणतात, घर विकणार नाही. कुंदा म्हणते, आईला सांभाळीन. मीही काहीबाही कबूल करते. कावळे ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि सगळे जेवायला निघून जातात. तो घोर माझ्याजवळच राहतो.

आता विचारूनच टाकते. "अहो, तुमचं काय राहिलं होतं? माझ्यावर राग होता?"

हे खोकला येईस्तोवर हसतात. "अगं, पलीकडं दुसऱ्या कुणाचा दहावा होता. त्यांनी बुंदी ठेवलेली. आपल्या भाताला कोण येतंय?"

"म्हणजे तुमची इच्छा..."

"इच्छा कसली! मीच बुंदीकडं बघत बसलो होतो."

"आणि मी इतकी वर्षं झुरले?"

"मग, कुणी सांगितलं होतं!"

मी रागवायला जाते आणि हसूच येतं. कुणी पाठीवरचं पोतं उतरवून घ्यावं, तसं अंग हलकं होतं. निशाणावरचा कावळा घाटाच्या कठड्यावर उतरतो, तिन्ही पाय एकेक करून टेकवतो.

"वारं गार सुटलंय," हे म्हणतात. माझा मफलर कानांवरून घेऊन हनुवटीखाली आवळतात. बोटं खरखरीत आहेत. "निघतो. गाडी भरायचीय."

"आई, चहा."

कुंदा पेला पुढे करते. "एवढा घट्ट बांधलास? सैल कर की." ती सोडवायला बघते, सुटत नाही. हळदीच्या पोत्याचं तोंड आवळायची, हमालांची गाठ आहे ती. मला कधीच जमली नाही.

कुंदाची बोटं थांबतात.

"राहू दे," मी म्हणते. "ऊब आहे."