नंजप्पा वकील टेकडी चढले तेव्हा

मागच्या फेब्रुवारीतला एक रविवार. बंगळुरूपासून दोन तासांवरची एक टेकडी, मी, माझा धाकटा भाऊ ओंकार आणि त्याच्या सॅकमधला छोटा गॅस स्टोव्ह...

आम्ही पुण्याचे. डोंगर दिसला की चढायचं आणि बसून मस्त चहा करायचा, त्याला कुणाची परवानगी लागते हे आमच्या गावीही नसतं. चहाचा हट्ट माझा होता, हे आधीच सांगून टाकते.

पहिला घोट घेतोय तोवर खालून शिट्टी. फॉरेस्ट गार्डनं आम्हाला पायथ्याशी बोलावलं... राखीव जंगलात शिरून जाळ केला म्हणे! स्टोव्ह कुणाचा विचारल्यावर ओंकार "माझा" म्हणाला, त्यामुळे केस एकट्या त्याच्यावर झाली. कन्नडमधला कागद त्यानं न वाचताच सही करून दिला.

दोन महिन्यांनी बंगळुरूत, जे. पी. नगरच्या आमच्या घरी तालुका कोर्टाचं समन्स आलं. कंपनी ओंकारला जर्मनीला पाठवणार होती, कागदपत्रं सुरू झाली होती. माझ्या एका चहापायी पोराचं सगळं जाणार की काय...

ओळखीतल्या एका वकिलानं फोनवरच सल्ला दिला. गुन्हा कबूल करायचा, किरकोळ दंड भरायचा, जेवायला घरी. एवढ्या लांब यायला त्याला वेळ नव्हता, उंटावरून शेळ्या हाकत होता. पण मला पटलं. माझा स्वभावच एक घाव दोन तुकडे! नुसतं उभं राहायला तिथलाच कुणीतरी वकील बघू, असं ठरवून आम्ही तारखेच्या दिवशी सकाळी लवकर निघालो.

कोर्टासमोरच्या चहावाल्यानं नंजप्पा वकिलांचं नाव सांगितलं. खताच्या दुकानावरची एक खोली, सत्तरीला टेकलेले गृहस्थ, कोपरावर विरलेला काळा कोट. मनात म्हटलं, झालं कल्याण.

त्यांनी समन्स दोनदा वाचलं आणि विचारायला सुरुवात केली. स्टोव्ह नेमका कुठे पेटवलात? आजूबाजूला काय होतं? फोटो आहे का? माझं डोकंच फिरलं. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की सर, आम्हाला कबूलच करायचंय, सोमवारी ऑफिसात मीटिंग आहे, उगाच तारखा नकोत.

"स्वल्प निधाना, अम्मा," म्हणाले. जरा दमानं घ्या.

मग अर्ध्या कन्नड, अर्ध्या इंग्रजीत समजावलं. दंड आज भराल आणि उद्या विसराल. पण कबूल केलं की हा मुलगा कायद्यानं दोषी ठरला. पुढे ज्या ज्या फॉर्मवर विचारतील, तिथे त्याला "हो" लिहावं लागेल... 

खरं सांगते, मला वाटलं हा माणूस तारखा वाढवून फी काढणार. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते काय उगाच? बाहेर येऊन मी दुसरा वकील शोधायला लागले. तर एरवी माझ्यापुढे ब्रसुद्धा न काढणारा ओंकार म्हणाला, "ताई, नाव माझं खराब होणारे. मी ह्यांच्याकडेच थांबतो."

मी धुसफुसत मागोमाग निघाले. कोर्टात ओंकारनं गुन्हा नाकबूल केला.

पुढच्याच रविवारी नंजप्पांनी आम्हाला त्या टेकडीपाशी बोलावलं. पांढरा शर्ट, पायात रबरी चपला, काखेत गावाच्या नकाशाची गुंडाळी. ह्या वयात हे वर चढणार? चढले ना... दोनदा बसले, पाणी प्यायले, पुन्हा चढले.

ओंकारच्या मोबाइलमधल्या फोटोवरून चहाची जागा सापडली. ती बघून नंजप्पा थांबलेच नाहीत, काठीनं घाणेरीची झुडपं बाजूला सारत आणखी वर गेले. बऱ्याच वेळानं त्यांची हाक आली. झुडपात अर्धा गाडलेला एक दगड, त्यावर पुसट आकडा. राखीव जंगलाची हद्द तिथून सुरू होत होती! आम्ही चहा केला ती जागा त्याच्या चांगली शंभर पावलं खाली, नकाशावर ती गोमाळ. म्हणजे आपलं गायरान.

जो गुन्हा घडलाच नव्हता, तो कबूल करायला मी भावाला नटवून-सजवून घेऊन गेले होते. केवळ मला घाई होती म्हणून... इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

नंजप्पांनी आम्हाला सोडलं नाहीच. गुन्हा नसला तरी एवढ्या वाळक्या गवतात स्टोव्ह पेटवणं हा गाढवपणा होता, गाव पेटलं असतं, असं चांगलं सुनावलं. दोघांनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

पुढे तारखा पडल्या, पण प्रत्येक तारखेला काय होणार हे ते आदल्या दिवशी फोन करून सांगायचे. गार्डची उलटतपासणी आली तेव्हा आवाज नाही, टोमणा नाही. हद्दीचा दगड कुठे आहे? आरोपी त्याच्या वर होते की खाली? तुम्ही वर जाऊन पाहिलंत का? तीनच प्रश्न. गार्डनं प्रामाणिकपणे सांगितलं, पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कोर्ट सुटल्यावर नंजप्पांनी त्यालाच आमच्याबरोबर चहा पाजला. एकट्याला केवढं जंगल सांभाळायला लागतं, म्हणाले.

परवा निकाल लागला. ओंकार निर्दोष.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, सर, मी तुमच्यावर नाही नाही त्या शंका घेतल्या, माफ करा.

त्यांनी शांतपणे कोट काढून हातावर टाकला आणि म्हणाले, "शंका घेतलीत ते बरोबरच केलंत, अम्मा. फक्त तेवढीच शंका सही करायच्या आधी गार्डच्या त्या कागदावर घ्यायची होती."

ह्या माणसाला मी पुन्हा एकदा नमस्कार केला... आजही तोच करते आहे.