डबीतले स्क्रू

त्या कचेरीत त्यांना सगळे पासवर्डकाका म्हणत. अठरा वर्षं कंत्राटावर, साठ संगणकांची देखभाल एकट्याकडे. संगणक सुरू केला की पडद्यावर काही दिसायच्या आधी आत एक पहारेकरी जागा होतो, बायोस म्हणतात त्याला. पेन ड्राइव्ह चालू द्यायचा की नाही, यंत्राचं झाकण कुणी उघडलं का, हे तो बघतो. झाकण हललं की वेळ टिपून ठेवतो, आणि पुढच्या वेळी सुरू करताना लाल ओळ दाखवून अडून बसतो. मग पासवर्ड टाकावा लागतो. तो काकांनाच ठाऊक. त्यामुळे सकाळ उजाडली की तीन मजल्यांवरून एकच हाक, ‘काका, अडलं.’

मी सफाई कामगारांच्या संघटनेची, त्या इमारतीत गेले ते सफाईवाल्या मावशींसाठी. साहेब या नोंदींची यादी मागवू लागल्यापासून पाच आठवड्यांत अकरा यंत्रांची झाकणं उघडल्याची नोंद होती. सगळ्या नोंदी पहाटे सहा ते सातमधल्या आणि त्या वेळी मजल्यावर मावशी एकट्या. यंत्रांतून गेलं काहीच नव्हतं. तरी साहेबांना संशय, आतली माहिती कुणीतरी चोरतंय. येत्या शनिवारपासून मावशींचं काम बंद. मी साहेबांशी भांडले, आवाज चढवला, उपयोग शून्य. साहेब म्हणाले, यंत्र खोटं बोलत नाही.

मग मी काकांना गाठलं. म्हटलं, झाकण कसं उघडतं ते दाखवा. टेबलाला धरून ते हळूहळू खाली बसले. गुडघे कडकड वाजले. एका यंत्राला त्यांनी बुटाने जरासा धक्का दिला, तर बाजूचा पत्रा केसभर सरकला. मी वाकून मागे पाहिलं. स्क्रूची दोन्ही भोकं रिकामी.

“स्क्रू कुठायत?”

काकांनी पिशवीतून खोकल्याच्या गोळ्यांची डबी काढली. उघडली. काठोकाठ स्क्रू.

जुनी यंत्रं, धूळ साचते, दिवसाला पाचसहा तरी उघडावी लागतात. वाकून स्क्रू काढायचे, वाकून लावायचे. वर्षभरापूर्वी कंबर धरली तेव्हापासून लावायचं त्यांनी सोडलं होतं. दिवसाच्या नोंदी ते स्वतःच पुसत, पहाटेच्या मात्र साहेबांच्या यादीत जात. मावशी टेबलाखाली पुसायला लागल्या की फडकं यंत्राला लागे, पत्रा हले, पहारेकरी बोंब मारी. दुसऱ्याच आठवड्यात हे काकांच्या लक्षात आलं होतं.

माझं डोकं फिरलं. पाच आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, त्या बाईच्या पोटावर पाय येतोय हे दिसत नव्हतं का, असं बरंच बोलले. काकांनी ऐकून घेतलं. दरवर्षी माझ्या कंत्राटाचा कागद साहेबांपुढे सहीला जातो, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “थांबा ताई, चहा घेतो नि येतो वर.” मला वाटलं, हा माणूस आता सटकणार.

आले. एका हातात डबी, दुसऱ्या हाताने जिन्याचा कठडा धरून. साहेबांच्याच यंत्राला धक्का दिला, बंद करून सुरू केलं. लाल ओळ आली, तशी डबी उघडून पुढे ठेवली. साहेब म्हणाले, दाराला कुलूप लावून कडी खिशात घालून हिंडत होतात की तुम्ही.

“हो साहेब. झाकण हललं, एवढंच यंत्र म्हणालं होतं. त्याला मावशींचं नाव तुम्ही जोडलंत. आणि मी जोडू दिलं.”

 साहेब म्हणाले, मावशी राहतील. काकांनी सगळे स्क्रू लावायचे, पासवर्ड पाकिटात घालून द्यायचा. पुढच्या वर्षी सही नाही. मी तोंड उघडलं, तर काकांनी हातानेच मला गप्प केलं.

पुढचे दोन दिवस ते एकेका टेबलाखाली शिरत होते. एरवी मी कुणासमोर वाकत नाही, पण टॉर्च मीच धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी फडकं घेऊन आल्या. काकांशी त्या अजून बोलत नव्हत्या. टेबलापाशी थांबल्या.

“पाय घ्या आत. आणि आता ढकलू का हे?”

“ढकला.”

मावशींनी चांगला जोर लावून ढकललं. यंत्र सरकलं, पत्रा हलला नाही. त्यांनी त्याच्याखालची जागा पुसली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. काकांनी डबीत बोट फिरवलं. अजून चोवीस यंत्रं बाकी होती.