ज्याची गोळी, त्याचा माग

आबांचा उजवा कान बिबट्यानं नेला होता, आणि त्याबद्दल आबांनी बिबट्याला कधी दोष दिला नाही. "त्याच्या वाटंवर मीच निजलो व्हतो," ते म्हणत. "त्यानं येक नेला, येक ठिवला. पाटलानं ठिवला नसता."

आबा मळवलीपलीकडच्या रानात जनावरांचा माग काढणारे. मी लोणावळ्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कारकून. रविवारी साहेब उघड्या मोटारीतून दिवसभर रान पाहत हिंडे, आबा वाट दाखवत आणि मी दुभाषा. आबा फूटबोर्डावर उभे राहून मडगार्डावर थापा मारत. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. शेकरू, भेकर, कड्याच्या सावलीत बसलेली सांबरं, सगळं मी त्या थापांवर पाहिलं.

पाडस असलेल्या मादीवर साहेबानं बंदूक रोखली की आबांना नेमकी खोकल्याची ढास लागे. मादी पसार! एकदा चिडून साहेबानं त्यांना औषध घ्यायला सांगितलं. आबा गंभीरपणे म्हणाले, "सायबाला म्हनावं, ह्यो खोकला बापापासनं हाय. जायाचा न्हाई."

पण त्यांना मवाळ समजू नका. फासात अडकलेलं डुक्कर दोन दिवस तडफडत ठेवलं म्हणून सख्ख्या भाच्याला त्यांनी भर चावडीपुढं काठीनं फोडून काढलं होतं. मारायला त्यांची ना नव्हती, अर्धवट मारायला होती. त्या रानातल्या शिकाऱ्यांचा कायदाच तसा होता. ज्याची गोळी, त्याचा माग. ज्यानं जनावर जखमी केलं, त्यानंच रक्ताच्या मागावर जाऊन ते संपवायचं. तोवर त्याला भाकरी नाही, पाणी नाही.

एका रविवारी भर दुपारी ओढ्यापलीकडं बिबट्या दिसला. आबा कुजबुजले, "लांब हाय. मारू नगं म्हनावं." मी तोंड उघडेपर्यंत बार झाला. गोळी पोटात बसली. बिबट्या गुरगुरत, रक्त सांडत करवंदीच्या जाळीत शिरला.

साहेबानं खाण्याचा डबा उघडला आणि हुकूम सोडला : हाकारा घालणारे गडी आत पाठवा, त्याला बाहेर काढू देत. आबांनी वाडीतून बरोबर आणलेले गडी चार. हातात काठ्या आणि पत्र्याचे डबे.

आबांनी हात आडवा घातला. "कुनी जायाचं न्हाई. गोळी त्याची, बंदूक त्याच्यापाशी. त्याला म्हनावं, खानं ठेव आन् चल. भ्या वाटत आसंल तर मी म्होरं व्हतो."

जुलमाविरुद्धची, सरकारनं बंदी घातलेली पत्रकं मी सदऱ्याच्या आत बाळगत होतो. त्यांतली पानंच्या पानं मला तोंडपाठ होती. आणि मी इंग्रजीत म्हणालो, "साहेब, गडी थकलेत. थोडा वेळ द्यावा, अशी विनंती आहे."

आबांचा आडवा हात तसाच होता. साहेबानं छडी उचलली आणि त्यांच्या तोंडावर ओढली. गाल फाटला. आबांनी रक्त पुसलं नाही. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "नीट सांगितलंस न्हवं?"

"व्हय, आबा."

"मंग ऱ्हाऊ दे त्याला. उद्या हितं आपल्या बाया लाकडाला येत्याल." एका गड्याच्या कमरेचा कोयता काढून घेऊन ते एकटे जाळीत शिरले.

जाळी मुळापासून हलली. एक किंकाळी आली, ती माणसाची की जनावराची, कळलं नाही. आम्ही काटे तोडत आत पोचलो तेव्हा बिबट्याची मान अर्धी तुटली होती आणि आबांचं पोट उघडं पडलं होतं.

"मेलं का?" त्यांनी विचारलं.

"मेलं, आबा."

"मंग पानी दे."

गोळी त्यांची नव्हती, तरी त्यांनी कायदा पाळला. पाणी मी ओठांना लावलं. ते गालावरच्या रक्तात मिसळून खाली ओघळलं.

मागून साहेब विचारत होता, कातडं फार फाटलंय का? तेव्हा मी उठलो आणि आबांचं मगाचं बोलणं शब्द न् शब्द इंग्रजीत त्याच्या तोंडावर फेकलं. तो लालबुंद झाला. माझी नोकरी तिथंच संपली.

एका गड्यानं हळूच विचारलं, "काय बोललास रं त्याला?"

"आबा बोलले तेच."

तो गोंधळला. "पर त्ये तर मगाशीच सांगितलं व्हतंस न्हवं?"

मी वाकून आबांच्या खांद्याखाली हात घातला. आज सांगतो : सांगितलं नव्हतं, भाऊ.