देवाला गेलेलं प्रिमरोझ

कुंभकोणच्या मेलकावेरीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळायला वर्तमानपत्र लागत नाही, नागलक्ष्मी मामी पुरते. रघुनाथरावांच्या चष्म्याची गोष्ट गल्लीभर केली ती तिनंच. आणि खोटं कशाला बोला, गोष्ट होतीच तशी.

रघुनाथराव विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या घरात शिरून मीटर वाचले, आपल्या घरातली माणसं वाचायची राहिली. बायकोला, म्हणजे भारतीला, चष्मा लागला. चांगला सोनेरी काड्यांचा, लांबून चमकणारा. दिवाळी गेली, पोंगल आला. एका सकाळी तो चष्मा झोपाळ्यावर पडलेला दिसला, तर हे गृहस्थ तो उचलून थेट शेजारच्या दारात.

"मामी, तुमचा चष्मा आमच्याकडे विसरलात."

मामीनं तो डोळ्यांना लावला, वरखाली पाहिलं. "रघुनाथा, ह्यांतून मज काय दिसतें, सांगूं? तुझी बायको दिसते. तूंही लावून पाहा एकदां."

गल्ली हसली. भारती हसली नाही. पुढे मुलीचं, अक्षयाचं, बाळंतपण आलं, म्हणून ती निलगिरीच्या थंडीत, कुन्नूरला गेली ती गेलीच. बाळ रांगलं, चाललं, फोनवर आजोबांना 'ताता' म्हणायला लागलं, तरी भारती तिकडेच. भांडण झालं असतं तर गल्लीला निदान तोंडी लावायला काही मिळालं असतं. तेही नाही.

रघुनाथरावांना दुःख झालं का? हे कुणाला कळेना, आणि त्यांना स्वतःलाही कळेना. डबा यायचा, ते जेवायचे. "आज मीठ विसरलें, मामा," असं डबेवाली शिवकामी स्वतः येऊन सांगायची, तेव्हा म्हणायचे, "होय काय?" झोपाळ्यावर बसायचे ते आपल्या नेहमीच्या अर्ध्यात. दुसरा अर्धा तसाच हलायचा. दात काढायला हिरडी बधिर करतात ना, मग ओठ चावला गेला तरी पत्ता लागत नाही, तसं त्यांचं झालं होतं. फक्त दात काढल्याचं त्यांच्या लक्षात नव्हतं, इतकंच.

मार्गशीर्ष लागता लागता जावई सूर्या जवळच्या पापनाशमला एका लग्नाला आला. येताना दह्याच्या रिकाम्या डब्यात एक रोप घेऊन आला. जमिनीला बिलगलेली, सुरकुतलेली पानं, कोबीचं पिल्लू म्हणा.

"प्रिमरोझ," सूर्या म्हणाला. "अम्मांनी आमच्या अंगणात वाफे भरून लावलीत, कुंड्यांतही आहेत. हें तुम्हांला पाठवलंय." आणि त्यानं भारतीला फोन लावून हातात दिला.

"इकडल्या उन्हांत हें जगेल काय?" रघुनाथरावांनी विचारलं.

"जगलं तर जगलं," भारती म्हणाली. "फूल आलं तर सांगा. पाहायला येईन."

"कुंभकोणात प्रिमरोझ!" मामी कुंपणावरून म्हणाली. "उद्या कावेरींत बर्फही पडेल, थांब. अरे, ती नको म्हणते आहे. थंड प्रदेशांतल्या रीतीनं म्हणते, एवढंच."

पण रघुनाथरावांनी ते खात्याचा हुकूम आल्यासारखं घेतलं. मातीची रुंद तोंडाची कुंडी आणली. तळाच्या भोकावर खापरी ठेवली. कुजलेला पाला आणि कावेरीची रेती मिसळून रोप लावलं, पानांचा गड्डा मातीत बुडू दिला नाही. विड्याच्या पानांच्या मळ्यात वेलींवर हादग्याची सावली धरतात, तशी परसातल्या हादग्याखाली, विहिरीच्या उत्तरेला, जागा दिली. कुंडी ओल्या रेतीच्या परातीत बसवली, म्हणजे बुड गार राहील. पाणी कडेकडेनं, पानांवर थेंब नाही. सकाळचं कोवळं ऊन तेवढं. रोज मातीत बोट घालायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "ओलं," नाही तर, "कोरडं." जसा मीटरचा आकडा. त्यात माया होती असं म्हणवत नाही. काम होतं.

पोंगलनंतर पानांच्या बुडातून एक कळी वर आली. त्यांनी फोन केला. "कळी आहे."

"खरंच?" भारतीनं विचारलं. मग, "उमललं की सांगा. तिकीट काढतें."

आता ऐका. त्यांच्या घरची पिढीजात रीत अशी की पूजेची फुलं घरच्या कर्त्या पुरुषानं पहाटे तोडायची. ओलेत्यानं, तोंडात स्तोत्र, कुणाशी बोलायचं नाही, आणि उमललेलं एकही फूल झाडावर ठेवायचं नाही. झाडावर राहिलं तर देवाचं खाल्लं म्हणतात. मुंज झाल्यापासून रघुनाथराव हे करत आलेले. हात आपोआप जायचा: जास्वंद, तगर, कण्हेर. बघावं लागत नसे.

तर त्या पहाटेही हात गेला. पूजा झाली, आरती झाली, कॉफी झाली. मग पाणी घालायला वाकले तर देठ रिकामा.

कुंपणावर मामी हजर होतीच. "काय रे, बकरी शिरली?"

"देवाला गेलं."

"कोणाच्या हातानें?"

त्यांनी आपला हात पुढे केला.

"अय्यो रघुनाथा!" मामीनं कपाळाला हात लावला. "आतां ऐक. तिला सांगूं नको. दुसरी कळी उमलेल, तेव्हां सांग."

पण खोटं बोलायला थोडं तरी मन लागतं. त्यांनी फोन केला. "उमललं होतं. मीच तोडलं. स्तोत्र म्हणत होतों, हात गेला."

भारती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "रंग कोणता होता?"

रंग रघुनाथरावांना ठाऊक नव्हता.

"धर जरा," ते म्हणाले आणि फोन तसाच घेऊन देवघरात गेले. रामाच्या पायाशी, दोन जास्वंदांच्या मधे ते पडलं होतं. ते खाली बसले. "पिवळं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तसं पिवळं नाही. ताकावरच्या लोण्यासारखं. मधे हळदीचं बोट टेकवल्यासारखं. पाकळ्या पांच. प्रत्येकीला टोकाशीं खांच आहे, बारीक."



"येतें," भारती म्हणाली.

"पण फूल तर गेलं."

"ठाऊक आहे."

पुढचे दिवस रघुनाथराव रात्री कुंडीवर वेताची टोपली पालथी घालून ठेवू लागले, हाताचा भरवसा नाही म्हणून. मामी म्हणाली, कोंबडी डालतात तसं बायकोला डालून ठेवलंय.

ती आली त्या सकाळी दुसरं फूल उमललेलं होतं. तिनं टोपली उचलली, चष्मा सारखा केला, पाहत राहिली. रघुनाथराव फुलाकडे पाहत नव्हते.

"पेट्टी लहान आणलीस," ते म्हणाले.

ती वळली. "दिसली तुम्हांला?"

"दिसली. मोठी तिकडेच?"

"तिकडेच."

"म्हणजे राहायला नाहीं आलीस."

"नाहीं." तिनं टोपली खाली ठेवली. "माझं आतां तिकडेंच अस्कं आहे, बाळ, वाफे, सगळंच. फोनवर सांगायला बरं वाटेना. पाहायला येईन म्हणालें होतें, आलें."

"होय. पाहायलाच म्हणाली होतीस," रघुनाथराव म्हणाले. हुकुमात तेवढंच होतं.

तिनं कॉफी केली. झोपाळ्यावर ती आपल्या अर्ध्यात बसली, ते आपल्या. मग ती म्हणाली, "पुढें ऊन चढेल. इथें हें मरेल. नेऊं?"

"ने."

त्यांनी कुंडी ओल्या गोणपाटात गुंडाळली, केळीच्या सोपटानं बांधली, स्टेशनपर्यंत स्वतः धरून नेली. गाडीत तिनं ती मांडीवर घेतली. "उन्हाळ्यांत या कुन्नूरला," खिडकीतून ती म्हणाली. "पण तोडायचं नाहीं हं."

"नाहीं तोडत," ते म्हणाले. जाईन की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बरं वाटतंय की वाईट, तेही नाही.

दुसऱ्या पहाटे ओलेत्यानं परसात गेले. जास्वंद, तगर, कण्हेर. हादग्याखाली, रात्री सवयीनं घातलेली, टोपली पालथी होती. त्यांनी ती उचलली. परात होती, रेती होती, आणि रेतीत कुंडीच्या बुडाची गोल, ओली खूण. स्तोत्र कुठल्या ओळीवर थांबलं, ते आठवेना. खूण वाळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

त्या दिवशी त्या घरात देवाची पूजा उन्हं वर आल्यावर झाली. असं कधी झालं नव्हतं, असं नागलक्ष्मी मामी अजून सांगते. मात्र त्या सकाळी कुंपणावरून ती काहीच बोलली नाही, हे ती सांगत नाही.